तळटीपेतला हक्क

भारताच्या राज्यघटनेची सरकारी प्रत उघडावी आणि अनुच्छेद २२ चे पान काढावे. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे, चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, हे शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण घोकलेले सारे त्या पानावर आहे. मात्र पानाच्या तळाशी, मूळ मजकुरापेक्षा बारीक टायपात, एक टीप आहे. तिचा आशय असा की, चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्ती अधिनियमाचे कलम ३ अंमलात आल्यावर हा अनुच्छेद त्या कलमाप्रमाणे बदललेला असेल. त्या कलमाचा मजकूर मागे परिशिष्टात पाहावा.

'अंमलात आल्यावर' या दोन शब्दांपाशी मी प्रथम थबकलो तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. ही दुरुस्ती संसदेने १९७८ साली मंजूर केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली ३० एप्रिल १९७९ रोजी. त्यानंतर घटनेच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या, पंतप्रधान आले आणि गेले, सरकारे सर्व रंगांची झाली. ती टीप मात्र जागची हलली नाही. दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने दिलेला एक हक्क हे लिहीत असतानाही परिशिष्टात बसून आहे. तो तिथे कसा जाऊन बसला, त्याची ही हकिगत.

हक्क कोणाचा, तर ज्याच्याविषयी सहसा कोणाला फारसे ममत्व नसते त्या माणसाचा. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या माणसाचा.

आपल्याकडे या प्रकाराचा इतिहास स्वातंत्र्याहून जुना आहे आणि त्यातले एक ठळक पान पुण्याचे आहे. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात सरकारने लोकमान्य टिळकांना पकडले आणि त्याच सुमारास पुण्याचे सरदार नातू बंधूही उचलले गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यात आरोपपत्र होते, ज्यूरी होती, बचावाचे वकील होते आणि शेवटी दीड वर्षाची शिक्षा होती. खटला न्याय्य होता असे कोणी म्हणणार नाही, पण त्याला सुरुवात होती आणि शेवट होता. नातू बंधूंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्यांच्यावर आरोपच ठेवला गेला नाही. एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली त्यांना 'राजकैदी' म्हणून ठेवण्यात आले. आरोप नाही, म्हणून खटला नाही; खटला नाही, म्हणून निर्दोष सुटण्याची सोय नाही. टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटून आले, तेव्हाही नातू सरकारच्या ताब्यातच होते. शिक्षा झालेला माणूस बाहेर आणि आरोप नसलेला माणूस आत, असा हा न्याय. प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणजे काय हे समजून घ्यायला मला यापरते उदाहरण सापडलेले नाही.

ज्यांनी या रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केले, जे स्वतः त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावंडांची फळे भोगून आले, त्यांनीच १९४९ साली ही तरतूद स्वतंत्र भारताच्या घटनेत घातली. तीही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. याला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात घडले ते गुंतागुंतीचे होते. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून (तो आजचा अनुच्छेद २१) अमेरिकन धर्तीचे 'ड्यू प्रोसेस' हे शब्द काढून 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द घालण्यात आले होते. याचा सरळ अर्थ असा की, विधिमंडळाने कायदा करून एखादी पद्धत ठरवली, की ती पद्धत न्याय्य आहे का हे न्यायालयाने विचारायचे नाही. यावर संविधानसभेत आणि बाहेर पुष्कळ नाराजी झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला, मसुद्यातला १५अ. तो मांडताना, मागे जे झाले त्याची ही भरपाई आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. चोवीस तास, वकील, दंडाधिकारी हे सर्व या भरपाईतून आले. मात्र त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धताही आली आणि तिच्याखाली धरलेल्या माणसाला पूर्वार्धातले एकही संरक्षण लागू नव्हते. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या माजी न्यायमूर्तींनी यावर कडाडून टीका केली.

स्थानबद्धाच्या पदरात मग उरले काय? दोन गोष्टी. एक, स्थानबद्धतेची कारणे त्याला कळवायची, अर्थात सार्वजनिक हिताच्या दृष्टीने जे उघड करणे योग्य नाही ते वगळून. दुसरी, तीन महिन्यांहून अधिक काळ त्याला ठेवायचे असेल तर एका सल्लागार मंडळाने कागदपत्रे पाहून 'पुरेसे कारण आहे' असा अभिप्राय दिला पाहिजे. या मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असावेत, अथवा न्यायाधीश 'होण्यास पात्र' अशा व्यक्ती असाव्यात. त्या शेवटच्या तीन शब्दांत मोठी पळवाट आहे. उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेला कोणीही न्यायाधीश होण्यास पात्र असतो. शिवाय मंडळ नेमायचे कोणी? ज्या सरकारने माणूस आत टाकला, त्याच सरकारने. यावरही कडी म्हणजे खंड ७. त्याच्या उपखंड (क) प्रमाणे संसदेने मनात आणले तर ठरावीक प्रकारच्या प्रकरणांत हे मंडळही बाजूला ठेवता येत होते.

घटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच २५ फेब्रुवारी १९५० रोजी प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संसदेने एका दिवसात संमत केला. हे विधेयक आणताना आपल्याला झोप लागली नाही, असे सरदार पटेलांनी सभागृहात सांगितले. ते खरेच असणार. कायदा वर्षापुरता होता. मुदती वाढत वाढत तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. मधे फार थोडा काळ गेला आणि १९७१ साली 'मिसा' आला.

मिसाची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. येरवड्याच्या आणि नाशिकरोडच्या कहाण्या अनेक घरांत अजून निघतात. 'मिसाबंदी' हा शब्द आपल्याकडे एखाद्या पदवीसारखा वापरला जातो, आणि महाराष्ट्र सरकारने त्यांना मानधनही सुरू केले, बंद केले, पुन्हा सुरू केले. इथे फक्त आकडा पाहावा. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे आणीबाणीत ३४,९८८ माणसे मिसाखाली स्थानबद्ध झाली. मिसात १६अ हे कलम घालून कारणे कळवण्याचीही गरज उरू दिली नव्हती. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झालेला होता. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी, निदान आदेश कायद्याबरहुकूम आहे की नाही एवढे तरी आम्ही तपासू, अशी भूमिका घेतली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी तीही मोडून काढली. सुनावणीत न्या. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले होते की, एखाद्या अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेतोवर त्यावरही न्यायालयीन उपाय नाही, हे डे यांना मान्य करावे लागले. विरोधातले एकमेव मत खन्नांचे होते. त्याची किंमत त्यांनी पुढच्या जानेवारीत मोजली. सरन्यायाधीशपद त्यांना डावलून न्या. बेग यांना मिळाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमतातल्या चौघांपैकी दोन नावे लक्षात ठेवायला हवीत, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहेत. एक न्या. पी. एन. भगवती. दुसरे आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला. मंत्रिमंडळातले अनेकजण नुकतेच तुरुंगातून सुटलेले. मिसा रद्द झाला. कायदामंत्री शांतिभूषण यांनी घटनादुरुस्ती विधेयक आणले. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते, तिथे त्यातली काही कलमे गळाली, आणि जे उरले ते चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून उभे राहिले. ही दुरुस्ती म्हटले की मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला एवढेच बहुतेकांना आठवते. तिचे खरे काम वेगळे होते. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणाऐवजी 'सशस्त्र बंड' असल्याखेरीज देशांतर्गत कारणासाठी आणीबाणी लावता येणार नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला गेला पाहिजे. आणि आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी थांबवता येणार नाही. जबलपूरचा निकाल ज्या आधारावर उभा होता तो आधारच यामुळे निखळला. (१९८८ साली पंजाबपुरता एकोणसाठाव्या दुरुस्तीने हा बांध पुन्हा फोडला होता, पुढच्याच वर्षी त्रेसष्ठावी दुरुस्ती करून तो बुजवावा लागला.)

याच दुरुस्तीतले कलम ३ अनुच्छेद २२ साठी होते. प्रतिबंधक स्थानबद्धता त्याने काढून टाकली नाही. हे नमूद केले पाहिजे, कारण तुरुंग भोगून आलेल्या त्या मंडळींनाही ते शस्त्र पुरते म्यान करवले नाही. तस्करांसाठीचा १९७४ चा 'कोफेपोसा' त्यांनी चालूच ठेवला होता. पण कलम ३ ने शस्त्राची धार पुष्कळ कमी केली. तीन महिन्यांचे दोन महिने केले. 'होण्यास पात्र' हे शब्द गेले. मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा पदावर असलेला न्यायाधीशच हवा आणि इतर सदस्यही आजी-माजी न्यायाधीशच हवेत. मंडळ संबंधित उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीप्रमाणे नेमायचे, सरकारच्या मर्जीप्रमाणे नाही. आणि मंडळाला वगळण्याची वाट देणारा तो खंड ७ (क) रद्द. न्यायालयात उभे राहण्याची ज्याला मुभा नाही, त्याला निदान एक खराखुरा न्यायाधीश भेटावा एवढीच ही सोय होती.

दुरुस्तीच्या पहिल्याच कलमात मात्र एक नेहमीचे वाक्य होते: केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी हा अधिनियम अंमलात येईल, आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिवस ठरवता येतील. कायद्याच्या मसुद्यात असे वाक्य सर्रास असते. नियम करायचे असतात, कार्यालये उभी करायची असतात, म्हणून सवड ठेवलेली असते. २० जून १९७९ पासून दुरुस्तीतल्या बहुतेक तरतुदी लागू झाल्या. काही पुढच्या दोन-तीन महिन्यांत झाल्या. कलम ३ मागे राहिले. जुलैत मोरारजींचे सरकार कोसळले, जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या, सप्टेंबरात राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेश आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. सल्लागार मंडळावर न्यायाधीश 'होण्यास पात्र' व्यक्ती या कायद्यातही आहेतच.

त्या अध्यादेशाखाली धरले गेलेल्यांत धनबादचे खासदार ए. के. रॉय होते. शिक्षणाने रसायन अभियंता, सिंद्रीच्या खत कारखान्यातली नोकरी सुटल्यावर कोळसा खाणकामगारांत आयुष्य घातलेला मार्क्सवादी. त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे आली. रॉय आणि त्यांच्याबरोबरच्या इतर याचिकांच्या सुनावणीत बाजू मांडणाऱ्यांमध्ये सासवडचे व्ही. एम. तारकुंडे होते. पीठाच्या अध्यक्षस्थानी आता सरन्यायाधीश झालेले चंद्रचूड, सोबत भगवती, ए. सी. गुप्ता, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले व्ही. डी. तुळजापूरकर आणि डी. ए. देसाई. अनेक मुद्द्यांतला एक कलम ३ चा होता, आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा खोल होता.

अनुच्छेद ३६८ म्हणतो की, विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिली की त्या विधेयकातील तरतुदींनुसार घटना दुरुस्त झालेली असेल. मग ३० एप्रिल १९७९ लाच घटना बदलली नाही का? बदल झाल्यावर तो लागू करायचा की नाही हे सरकारने ठरवायचे म्हणजे घटनादुरुस्तीचा अधिकारच सरकारकडे दिल्यासारखे होत नाही का? २८ डिसेंबर १९८१ रोजी निकाल लागला. चंद्रचूड, भगवती आणि देसाई यांचे म्हणणे असे की, 'विधेयकातील तरतुदींनुसार' यात अंमलबजावणीची तारीख सरकारवर सोपवणारी तरतूदही आलीच. संसदेने मुदत घातलेली नाही, कसोटी सांगितलेली नाही. तेव्हा न्यायालयाने परमादेश काढून सरकारला अधिसूचना काढायला लावणे योग्य होणार नाही. मात्र त्याच निकालात सरकारच्या दिरंगाईबद्दल नापसंती आहे. संसदेने जी गोष्ट आवश्यक मानली, तिच्या शहाणपणाविषयी निवाडा करायला सरकारने बसू नये, असे त्यात म्हटले आहे, आणि कलम लवकर अंमलात येईल अशी आशाही व्यक्त केली आहे. गुप्ता आणि तुळजापूरकर यांना आशा पुरेशी वाटली नाही. केव्हा लागू करायचे हे ठरवण्याची मुभा म्हणजे कधीच लागू न करण्याची मुभा नव्हे, आणि सरकारला तसा आदेश दिला पाहिजे, असे त्यांचे मत पडले. तीन विरुद्ध दोन.

चंद्रचूड आणि भगवती १९७६ लाही बहुमतात होते, १९८१ लाही. यावरून कोणी त्यांच्यावर एकच शिक्का मारील, तर ते मला पटणार नाही. जबलपूर खटल्यात त्यांनी माणसाला दारातूनच परत पाठवले. रॉय खटल्यात त्यांनी स्थानबद्धांसाठी बरेच काही मिळवून दिले. मंडळापुढे सरकारने वकील आणला तर स्थानबद्धालाही तो मिळाला पाहिजे, एरवी वकील नसलेला एखादा मित्र सोबत नेता येईल, ही सवलत या निकालातली. भगवतींनी तर पुढे गोरगरिबांसाठी न्यायालयाची दारे उघडली. पण नेमक्या त्या एका ठिकाणी, जिथे सरकारला 'हे करच' म्हणायचे होते, तिथे दोन्ही वेळा हात आखडला गेला. जबलपूरचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरील खटल्यात अधिकृतपणे रद्दबातल झाला. ते मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव, हे आता सर्वांना माहीत आहे. वडिलांचा रॉय खटल्यातला निकाल मात्र अजून उभा आहे. दिल्लीचा १९९५ चा भाडे कायदा सरकारने लागूच केला नाही, तेव्हा न्यायालयाने तोच दाखला देऊन हात वर केले.

अडचण खरोखर काय असावी? दोन महिन्यांची मुदत प्रशासनाला झेपणार नाही, हे कारण राष्ट्रीय सुरक्षा कायद्यापुरते तरी टिकत नाही. त्या कायद्यातच मंडळाने स्थानबद्धतेच्या दिवसापासून सात आठवड्यांच्या आत अभिप्राय द्यायचा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या आतच. कोफेपोसात ही मुदत अकरा आठवड्यांची आहे; ती बदलावी लागली असती, पण तेवढा बदल संसदेच्या एका बैठकीचे काम. माझा तर्क असा की, अडले ते मंडळ निवडण्याच्या अधिकारापाशी. तो हातचा सोडावा असे कोणत्याही सरकारला वाटले नाही, आणि यात पक्षापक्षांत फरक करता येत नाही. ज्यांनी दुरुस्ती केली त्यांचे वारसही सत्तेवर येऊन गेले.

तारखांचा हिशेब मांडला की हे आणखी स्पष्ट होते. हक्कांना कात्री लावणाऱ्या बेचाळिसाव्या दुरुस्तीला संमती मिळाली १८ डिसेंबर १९७६ ला, आणि तिचा मोठा भाग लागू झाला ३ जानेवारी १९७७ ला. आर्थिक दुर्बलांसाठीच्या आरक्षणाची एकशे तिसरी दुरुस्ती: संमती १२ जानेवारी २०१९, अंमल १४ जानेवारी. दोन्हींत अधिसूचनेचे तेच वाक्य होते. इच्छा असली की राजपत्राचा छापखाना दोन दिवसांत चालतो. कलम ३ घटनेतून काढून टाकायचे म्हटले तर दोन्ही सभागृहांत उपस्थितांच्या दोन-तृतीयांश मतांची जुळवाजुळव करावी लागेल, भाषणे होतील, कोणीतरी आणीबाणीची आठवण काढील. ते न काढता निजवून ठेवायला काहीच करावे लागत नाही. एका अवर सचिवाने फाईल वर न पाठवली तरी पुरते.

आणि ज्यांच्यावर हे बेतते त्यांचे काय? आज मिसाबंदींसारखी नामवंत माणसे या कायद्यांखाली क्वचित असतात. आपल्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावर आठवड्याआड एक बातमी असते: अमुक तालुक्यातला अमुक 'एमपीडीए'खाली वर्षभरासाठी स्थानबद्ध, रवानगी तमुक कारागृहात. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थ विकणारे यांच्यासाठी १९८१ साली केलेला हा महाराष्ट्राचा कायदा. पुढे त्यात वाळूतस्कर वगैरे वर्ग वाढत गेले. बातमी वाचून गावाला हायसे वाटते, आणि बहुतेकदा गावाचे चूक नसते. पण त्या माणसावरचा आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नसतो, आणि बारा महिन्यांत एकदाच तो ज्या मंडळासमोर बसतो ते कोणी नेमायचे, हा प्रश्न १९७८ साली संसदेने त्याच्या बाजूने सोडवून ठेवलेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या वकिलानेही परिशिष्टापर्यंत पाने क्वचितच उलटलेली असतात.

घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ च्या अहवालात कलम ३ कडे लक्ष वेधले. त्या अहवालाचे जे व्हायचे ते झाले.

ए. के. रॉय १९७७, १९८० आणि १९८९ असे तीनदा धनबादहून लोकसभेवर निवडून गेले. खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, अखेरपर्यंत कार्यकर्त्यांच्या आधाराने साध्या खोलीत राहिले. २१ जुलै २०१९ रोजी धनबादच्या रुग्णालयात ते वारले. त्यांच्या नावाचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासाला असतो, आणि अनुच्छेद २२ च्या पानावर ती बारीक टायपातली टीप प्रत्येक नव्या आवृत्तीत पुन्हा छापली जाते.